‘सिटी स्ट्रीट्स’: दारूबंदीच्या शहरात पाहिलेला १९३१ चा एक बोलपट

चित्रपटाची सुरुवात माणसांपासून होत नाही, बिअरपासून होते. बिअर तयार होत असल्याची आणि ट्रकांमधून शहरभर पोहोचवली जात असल्याची दृश्ये एकामागून एक भराभर येतात आणि बोलणे फारसे नसतानाही हा धंदा केवढा पसरलेला आहे हे आपल्याला कळून चुकते. या धंद्याला आडव्या येणाऱ्या एका माणसाला समज दिली जाते. त्यानंतर नदीच्या पाण्यावर एक हॅट तरंगत जाताना दिसते. खून झाला आहे, पण तो आपल्याला दाखवलेला नाही आणि पुढेही दाखवला जाणार नाही.

रुबेन मामूलियन यांचा ‘सिटी स्ट्रीट्स’ हा पॅरामाउंट कंपनीचा बोलपट एप्रिल १९३१ मध्ये प्रदर्शित झाला. आपल्याकडे ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला होता, म्हणजे दोहोंत अंतर जेमतेम एका महिन्याचे. हिंदी चित्रपट पहिल्यांदा बोलू लागला त्याच सुमारास अमेरिकेतला एक दिग्दर्शक बोलून झालेले शब्द माणसाच्या डोक्यात कसे घुमत राहतात हे पडद्यावर आणण्याच्या खटपटीत होता. या चित्रपटाविषयी मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः त्या खटपटीविषयीच आहे. गुंडांच्या टोळ्या, पिस्तुले आणि मोटारी त्यात भरपूर आहेत, पण हा चित्रपट डोळ्यांइतकाच कानांनी पाहायचा आहे आणि तसा पाहिला तरच त्याची थोरवी ध्यानात येते.

आम्ही तो दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी, भिंतीला लावलेल्या चादरीवर, लहान प्रोजेक्टरच्या साहाय्याने पाहिला. माझी आत्या, बायको, मुलगा आणि शेजारचे दोघे असे आम्ही सहाजण होतो. जागेचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण बडोद्यात बसून हा चित्रपट पाहणे आणि पुण्यात किंवा मुंबईत बसून पाहणे यांत फरक पडतो. अमेरिकेतली दारूबंदी जानेवारी १९२० मध्ये अमलात आली आणि डिसेंबर १९३३ मध्ये उठली. हा चित्रपट आला तेव्हा ती चालूच होती. त्यामुळे आज आपल्याला जो ‘जुना काळ’ वाटतो, तो त्या वेळच्या प्रेक्षकाचा चालू काळ होता आणि पडद्यावरचे ट्रक त्याने आपल्या गल्लीतून जाताना पाहिलेले असू शकत होते. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० मध्ये गुजरात वेगळे राज्य झाल्यावरही तसाच लागू राहिला. ‘बुटलेगर’ (चोरटी दारू विकणारा) हा शब्द इथल्या गुजराती वर्तमानपत्रांत इतक्या सहजपणे येतो की तो मूळचा इंग्रजी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या गावचा प्रेक्षक ज्या गोष्टी इतिहास म्हणून समजून घेईल, त्या समजावून सांगण्याची गरज आमच्या घरात कुणालाच पडली नाही. कायद्याने बंद असलेल्या वस्तूभोवती पैसा कसा गोळा होतो, त्या पैशाभोवती माणसे कशी गोळा होतात आणि त्या माणसांच्या घरातल्या मुली काय पाहत लहानाच्या मोठ्या होतात, हे सगळे आमच्यासाठी ओळखीचे होते.

नॅन कूली ही अशाच घरातली मुलगी. तिचा सावत्र बाप पॉप कूली हा मास्कल नावाच्या बड्या बुटलेगरच्या टोळीतला माणूस. बाहेरून हसतमुख आणि गोंडस, पण खून करून आल्यावरही त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. नॅनला हा धंदा वाईट वाटत नाही, कारण तिने दुसरे काही पाहिलेलेच नाही. तिचे प्रेम जत्रेतल्या नेमबाजीच्या स्टॉलवर काम करणाऱ्या एका उंच, शांत तरुणावर आहे. चित्रपटात त्याला ‘द किड’ एवढेच नाव आहे. त्याचा नेम अचूक आहे, पण त्या नेमाचा उपयोग तो लोकांची करमणूक करून चार पैसे मिळवण्यापुरताच करतो आणि त्यात तो सुखी आहे. समुद्रकिनाऱ्यावर नॅन त्याला सांगते, बिअरच्या धंद्यात ये, पैसा मिळेल, आपल्याला लग्न करता येईल. तो नाही म्हणतो. दोघे भांडतात.

पुढे पॉप कूली आपल्याच टोळीतल्या ब्लॅकीचा खून करतो, कारण ब्लॅकीची बाई मास्कलच्या नजरेत भरलेली असते. मग तो पिस्तूल नॅनच्या हाती सोपवून मोकळा होतो. नॅन पिस्तुलासह पकडली जाते. टोळी आपल्याला सोडवील या भरवशावर ती तोंड उघडत नाही आणि तुरुंगात जाते. टोळी काहीही करीत नाही. तुरुंगाच्या भिंतींआड तिला पहिल्यांदा उमगते की आपला बाप, मास्कल आणि ही सगळी मंडळी खरोखर कोण आहेत. आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर पॉप कूली त्या भोळ्या तरुणाला पटवून देतो की नॅनला सोडवायचे तर पैसा लागेल आणि पैसा हवा तर टोळीत यावे लागेल. ज्या गोष्टीसाठी तिने हट्ट धरला होता ती तो तिच्यासाठीच करतो, आणि ती गोष्ट तिला नकोशी झाल्यानंतर करतो.

कथेचा हा पीळ मूळ कथाकार डॅशिएल हॅमेट यांचा आहे. हॅमेट पूर्वी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होते, त्यामुळे गुन्हेगारी त्यांना कचेरीच्या टेबलावरून नव्हे तर प्रत्यक्ष पाळत ठेवण्याच्या कामातून ठाऊक होती. त्यांच्या कथेवरून पटकथा ऑलिव्हर गॅरेट यांनी लिहिली. पूर्वार्धात एकही प्रसंग फुकट गेलेला नाही, आणि प्रेमकथेला गुन्हेगारीचे ठिगळ लावल्यासारखेही वाटत नाही. प्रेम आणि धंदा यांचा गुंता असा आहे की एक धागा ओढला की दुसरा आवळतो.

तुरुंगातल्या भेटीचा प्रसंग या पिळाच्या ऐन मध्यावर येतो. नॅन त्याची वाट पाहून थकलेली आहे. तो येतो, दोघांच्या मध्ये तारेची जाळी आहे, आणि त्याच्या अंगावर फरचा भारी ओव्हरकोट आहे. तो कोट तो तिला कौतुकाने दाखवतो. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल घरी घेऊन आलेल्या मुलाचा आनंद आहे. नॅन आधी त्याच्याकडे पाहते, मग कोटाकडे पाहते, आणि तिच्या चेहऱ्यावरचा भेटीचा आनंद आपल्या डोळ्यांदेखत मावळतो. हा कोट जत्रेतल्या स्टॉलच्या कमाईतून येणे शक्य नाही, हे तिला कुणी सांगावे लागत नाही. सिल्व्हिया सिडनी यांनी हा क्षण ज्या संयमाने केला आहे त्याला तोड नाही. त्या वेळी त्यांचे वय अवघे २० होते. त्या रंगभूमीवरून आल्या होत्या आणि ही भूमिका मुळात त्या काळची लोकप्रिय तारका क्लारा बो करणार होती. बो यांची प्रकृती ढासळल्यामुळे ती सिडनींकडे आली. रंगभूमीवरचा नट पडद्यावर आला की पहिल्या काही चित्रपटांत त्याचा अभिनय शेवटच्या रांगेसाठी चाललेला असतो. सिडनींच्या बाबतीत तसे कुठेच जाणवत नाही. त्यांचे मोठे डोळे आणि किंचित थरथरणारा ओठ यांवर कॅमेऱ्याचा पूर्ण विश्वास आहे.

त्या रात्री नॅन कोठडीतल्या अंथरुणावर पडलेली आहे. तिचा चेहरा पडदाभर दिसतो. ती काहीही बोलत नाही. आणि आपल्याला आवाज ऐकू येऊ लागतात. तिचा स्वतःचा आवाज, त्याचा आवाज, पूर्वी होऊन गेलेली बोलणी. किनाऱ्यावर तिनेच त्याला या धंद्यात ये म्हणून गळ घातली होती, ते शब्द आता तिच्याच कानांवर परत येतात. चेहरा तोच, ओठ मिटलेले, आणि आत हे सगळे चाललेले.

आज ही युक्ती इतकी सर्रास झाली आहे की दूरदर्शनवरच्या कोणत्याही मालिकेत दर अर्ध्या तासाला ती भेटते आणि कुणाच्या मनातही येत नाही की ही कधी तरी कुणी पहिल्यांदा करून पाहिली असेल. मामूलियन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे स्टुडिओतल्या मंडळींचा या प्रसंगाला विरोध होता. पडद्यावरचा माणूस बोलत नसताना आवाज येतो म्हटल्यावर प्रेक्षक गोंधळतील, हा आवाज कुठून आला असे विचारतील, अशी त्यांना धास्ती होती. ही धास्ती अगदीच अनाठायी नव्हती. बोलपट जेमतेम चार वर्षांचा होता आणि प्रेक्षकांना अजून ओठ हलले की शब्द ऐकू येतात याचेच अप्रूप होते. या तंत्राचा पहिला वापर ‘सिटी स्ट्रीट्स’मध्ये झाला असे अनेकदा लिहिले जाते, ते मात्र जसेच्या तसे मान्य करता येत नाही. हिचकॉक यांच्या १९३० च्या ‘मर्डर!’ मध्ये दाढी करणाऱ्या नायकाचे विचार रेडिओवरच्या संगीतासह ऐकवले आहेत. परंतु तिथे नायक एका खटल्याविषयी विचार करतो आहे आणि आपण तो विचार ऐकतो. इथे नॅन विचार करीत नाही, तिला आठवते. तिची इच्छा असो वा नसो, जुने शब्द तिच्यावर चालून येतात. हा फरक मोठा आहे आणि त्याचे श्रेय मामूलियन यांना निःसंशय द्यायला हवे.

माझ्या आत्याचे वय आज ८१ आहे. तरुणपणी तिने इथल्या हौशी मंडळींबरोबर संगीत नाटकांतून कामे केली आहेत. हा प्रसंग चालू असताना ती खुर्चीत पुढे सरकून बसली आणि म्हणाली, “अरे, हे तर आपलं स्वगत. फक्त तोंड मिटलेलं.” तिच्या या एका वाक्याने मला हा प्रसंग नव्याने कळला. आपल्या नाटकांत पात्र दोन पावले पुढे येते, पुस्तकात कंसात ‘स्वगत’ असे छापलेले असते, आणि मग ते पात्र मनातली गोष्ट शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलते. शेजारी उभे असलेले पात्र ती ऐकत नाही, असे आपण सगळ्यांनी मिळून मान्य केलेले असते. या संकेतावर पोसलेल्या मराठी प्रेक्षकाला ‘हा आवाज कुठून आला’ असा प्रश्न पडलाच नसता. पण आत्या पुढे जे म्हणाली ते अधिक महत्त्वाचे होते. ती म्हणाली, “स्वगतात आम्हांला मनातलं बोलून दाखवावं लागायचं, म्हणजे ते थोडं खोटं व्हायचंच. हिला काही करावंच लागत नाहीये.” नाटकातले स्वगत कितीही खासगी असले तरी ते प्रेक्षकाला उद्देशून असते. नॅनच्या कानांतले आवाज कुणालाच उद्देशून नाहीत. आपण ते चोरून ऐकतो आहोत असे वाटते, आणि म्हणूनच तिच्या एकटेपणाची झळ आपल्याला लागते.

मामूलियन स्वतः नाटकातलेच. १८९७ मध्ये तिफ्लिस (आजच्या जॉर्जियातले तिबिलिसी) येथे एका आर्मेनियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि अमेरिकेत आल्यावर त्यांनी रंगभूमीवर नाव कमावले. पहिला चित्रपट त्यांनी १९२९ मध्ये केला, तो ‘अ‍ॅप्लॉज’. त्या काळी कॅमेऱ्याच्या यंत्राचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात कोंडून ठेवीत. नटांना मायक्रोफोनच्या जवळपासच उभे राहून बोलावे लागे, आणि मूकपटात वाऱ्यासारखा फिरणारा कॅमेरा बोलपट आल्याबरोबर खुंटीला बांधल्यासारखा झाला होता. नाटकातून आलेला दिग्दर्शक या बंधनात सुखाने राहील असे कुणालाही वाटले असते. झाले उलटे. ‘अ‍ॅप्लॉज’मध्ये त्यांनी कॅमेरा हलवण्याचा हट्ट धरला, आणि एका प्रसंगात आईचे गाणे आणि मुलीची पुटपुटलेली प्रार्थना दोन वेगळ्या मायक्रोफोनांवर घेऊन नंतर एकत्र केली. ‘सिटी स्ट्रीट्स’ हा त्यांचा दुसराच चित्रपट. पहिल्यात दोन आवाज एकाच वेळी ऐकवता येतात हे त्यांनी सिद्ध केले होते. दुसऱ्यात, आवाज आणि चित्र वेगवेगळ्या काळांतले असू शकतात, हे सिद्ध केले.

हिंसेच्या बाबतीतही त्यांनी हीच वाट धरली आहे. चित्रपटात माणसे बरीच मरतात, पण एकही मरताना दिसत नाही. सुरुवातीच्या हॅटबद्दल वर लिहिलेच आहे. इतर ठिकाणी कधी सावली दिसते, कधी आवाज येतो, कधी फक्त नंतरची शांतता असते. त्याच वर्षी ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ हे दोन गाजलेले गुंडपट आले आणि १९३२ मध्ये ‘स्कारफेस’ आला. त्या तिन्हींमध्ये गुंड हाच नायक आहे, त्याचा उदय आणि नाश हीच कथा आहे, आणि त्याच्या बंदुकीकडे चित्रपट जरा कौतुकाने पाहतो. ‘सिटी स्ट्रीट्स’ला बंदुकीचे कौतुक नाही. ज्याला सर्वांत चांगली बंदूक चालवता येते तो इथे जत्रेतला माणूस आहे, आणि त्याला ती माणसांवर चालवायला लावणे हेच या चित्रपटातले खरे पाप आहे. माझ्या मुलाला हे सुरुवातीला पचनी पडले नाही. गुंडांचा चित्रपट म्हणून तो बसला होता आणि गोळीबार दिसत नाही म्हणून तो काहीसा नाराज होता. पण तरंगणारी हॅट मात्र त्याला दुसऱ्या दिवशीही आठवत होती.

छायाचित्रण ली गार्म्स यांचे आहे. इथे ‘द किड’ झालेल्या गॅरी कूपर यांना आदल्याच वर्षी ‘मोरोक्को’मध्ये त्यांनीच चित्रित केले होते आणि पुढे ‘शांघाय एक्सप्रेस’साठी त्यांना ऑस्कर मिळाले. काळ्यापांढऱ्या चित्रपटात काळा रंग किती प्रकारचा असतो हे पाहायचे असेल तर तुरुंगातले आणि रात्रीच्या रस्त्यावरचे प्रसंग नीट पाहावेत. कोठडीतला अंधार मऊ आहे, मास्कलच्या घरातला अंधार चकचकीत आहे. मास्कलच्या घराची सजावट तर बघण्यासारखी आहेच, कारण नव्या पैशाला दिसण्याची जी घाई असते ती त्या खोल्यांच्या प्रत्येक कोपऱ्यातून दिसते.

गॅरी कूपर यांच्याविषयी मात्र माझे मत संमिश्र आहे. उंचीने सव्वासहा फूट, चेहरा देखणा, आवाज खालच्या पट्टीतला आणि बोलणे मोजके. जत्रेतल्या साध्या तरुणाच्या भूमिकेत ते अंगात सदरा बसावा तसे बसतात. नॅनशी त्यांचे प्रसंग इतके मोकळे आणि खेळकर आहेत की १९३१ च्या इतर बोलपटांतली प्रेमिकांची अवघडलेली संभाषणे पाहिलेल्या माणसाला सुखद धक्का बसावा. पण टोळीत गेल्यानंतर या माणसात आतून काय बदलते, हे कूपर दाखवत नाहीत किंवा पटकथा त्यांना दाखवू देत नाही. कोट बदलतो, चाल थोडी बदलते, बोलण्यात ऐट येते, आणि तेवढ्यावरच भागवले आहे. ज्या दिग्दर्शकाने नॅनच्या डोक्यातले आवाज आपल्याला ऐकवले, त्याने एकदा तरी या तरुणाच्या डोक्यातही डोकवायला हवे होते, असे मला वाटत राहिले. त्याने पहिल्यांदा टोळीचा पैसा हातात घेतला तेव्हा त्याच्या कानांत काय वाजले असेल?

पॉल लुकस यांचा मास्कल सुसंस्कृत आणि म्हणूनच अधिक किळसवाणा आहे. तो कधी ओरडत नाही, आणि एखाद्याचा काटा काढायचा हे तो चहात साखर किती हे विचारावे तशा सुरात सुचवतो. पॉप कूलीच्या भूमिकेतले गाय किबी मला त्याहूनही भीतीदायक वाटले. गुबगुबीत गाल, मिश्कील डोळे, मुलीशी लाडाने बोलणारा हा बाप, आणि त्याच लाडाने तिला तुरुंगात पाठवणारा. चित्रपट त्याला कोर्टापुढे उभे करीत नाही. अमेरिकी चित्रपटसृष्टीने आपली आचारसंहिता १९३० मध्ये कागदावर आणली होती, पण तिची कडक अंमलबजावणी जुलै १९३४ पासून सुरू झाली. त्यानंतरच्या चित्रपटात पॉप कूलीसारख्या माणसाला शेवटच्या दहा मिनिटांत शिक्षा करावीच लागली असती. इथे तशी सक्ती नसल्यामुळे तो शिल्लक राहतो, आणि आपल्याला ठाऊक असलेल्या जगाशी ते अधिक जुळते.

उत्तरार्धाविषयी पूर्वार्धाइतके चांगले लिहिता येत नाही. नॅन सुटून येते, मास्कलची नजर आता तिच्यावर पडते, त्याची आधीची बाई अग्नेस मत्सराने पेटते, आणि तिथून पुढची गुंतागुंत नाटकी वळणांनी सुटत जाते. मत्सराच्या प्रसंगात कॅमेरा खोलीतल्या मांजरांच्या मूर्तींकडे वळतो. पाण्यावरच्या हॅटेत जी सूचकता होती ती इथे नाही. मांजरे दाखवून बायकांचा मत्सर सांगणे हे मामूलियन यांच्या दर्जाच्या माणसाला न शोभणारे आहे, आणि आत्याने त्यावर जी नाराजी व्यक्त केली तिच्याशी मी पूर्ण सहमत आहे. विन गिब्सन यांनी अग्नेस इतकी जिवंत उभी केली आहे की तिला अशा आधाराची गरजच नव्हती.

शेवटाकडचा मोटारीचा प्रसंग मात्र हा सगळा ढिलेपणा विसरायला लावतो. तो कसा संपतो हे इथे सांगत नाही. टोळीचा नियम असा की ज्याला संपवायचे त्याला मोटारीतून ‘फिरायला’ न्यायचे. मागच्या बाजूला टोळीतली माणसे बसली आहेत, नॅन मोटारीत आहे, आणि चाक किडच्या हातात आहे. तो गाडी वेगात घेतो. मग आणखी वेगात घेतो. वळणाचा रस्ता, शेजारून धावणारी आगगाडी, आणि मागे बसलेल्या ज्या माणसांनी आजवर इतरांना भीती घातली त्यांच्या चेहऱ्यांवर हळूहळू पसरत जाणारी भीती. इथे पुन्हा आवाज कामाला येतो. इंजिनाची घरघर आणि टायरांचे किंचाळणे यांतून कोण कुणाच्या ताब्यात आहे हे कळत जाते. आमच्या भिंतीवरच्या चादरीपुढे बसलेले सहाही जण त्या चार-पाच मिनिटांत एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत.

पाहण्याच्या सोयीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. चित्रपटाची लांबी सुमारे ८३ मिनिटे आहे, त्यामुळे एका बैठकीत तो सहज पाहून होतो. आम्हांला मिळालेली प्रत चित्राच्या दृष्टीने बरी होती. काही रिळांत ओरखडे होते आणि रात्रीच्या एक-दोन प्रसंगांत काळा रंग राखाडी झाला होता, पण चेहरे स्पष्ट होते. खरी अडचण इंग्रजी उपशीर्षकांची झाली. ती स्वतंत्रपणे मिळवावी लागली आणि ज्याने कुणी ती तयार केली होती त्याने कोठडीतल्या प्रसंगाला ती दिलीच नव्हती. बहुधा ओठ हलत नाहीत म्हणजे संवाद नाही असे त्याने धरले असावे. १९३१ मध्ये स्टुडिओला जी भीती वाटली ती अशी इतक्या वर्षांनी खरी ठरावी याचे मला वाईट वाटले. मी तो प्रसंग थांबवून थांबवून आत्याला प्रत्येक वाक्य मराठीत सांगितले, आणि मग आम्ही तो पहिल्यापासून पुन्हा लावला. ज्यांना इंग्रजी संवाद पकडणे जड जाते त्यांनी या प्रसंगाआधी किनाऱ्यावरचा आणि भेटीचा हे दोन्ही प्रसंग लक्षपूर्वक ऐकून ठेवावेत, कारण नॅनच्या कानांवर येणारे आवाज तिथलेच आहेत.

आणखी एक सूचना. प्रोजेक्टरच्या अंगचा लहान स्पीकर या चित्रपटाला पुरत नाही. आम्ही पहिल्या वेळी त्यावरच भागवले आणि कोठडीतले हळू आवाज पंख्याच्या आवाजात बुडाले. दुसऱ्या वेळी मुलाने त्याचा मोठा स्पीकर आणून आत्याच्या खुर्चीमागे ठेवला आणि पंखा बंद केला. मे महिन्यातली रात्र होती, रावपुऱ्याकडच्या रस्त्यावरची रहदारी नुकतीच ओसरली होती. नॅनचा चेहरा पुन्हा पडदाभर झाला, मागून तिचाच आवाज आला, आणि आत्याने मान वळवून मागे पाहिले.